मांडी बदलताना

कोकणात पाळणाघराचा विषय निघाला की बोलणं हमखास एकाच वळणावर जातं: आईने कामाला जावं की नाही. ग्रामसभा असो, महिला मंडळ असो की गणपतीत जमलेली चाकरमानी मंडळी असोत, सूर तोच. एक बाजू म्हणते, मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईने घर सोडू नये. दुसरी म्हणते, आमच्या आयांनी भातलावणी करून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊनच आम्हाला वाढवलं, आमचं काय वाईट झालं? दोन्हीकडून मानसशास्त्राची साक्ष काढली जाते, आणि दोन्हीकडून ती अर्धवट असते.

तान्ह्या मुलाचं मन कसं घडतं याचा चिकाटीने विचार केला तो मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेल्या इच्छा आणि भीती शोधणाऱ्या परंपरेने. तिचा जनक फ्रॉईड याच्यापासून बोल्बीपर्यंतची ही मंडळी आपापसांत कडाडून भांडली, पण त्या भांडणांतून जे टिकून राहिलं ते आपल्या किनारपट्टीला थेट लागू पडतं. मूल सांभाळणारं माणूस कितीदा बदलतं, कोणत्या वयात बदलतं आणि कोणत्या पद्धतीने बदलतं, यावर लहानग्याच्या मनाची पुष्कळशी घडण अवलंबून असते. आईची नोकरी हा त्यातला एक धागा, आणि तोही सर्वांत जाड नव्हे. कोकणातल्या घरांनी, पंचायतींनी आणि महिला व बालविकास खात्याने डोकं लावायचं ते या मांडीबदलावर, असं माझं ठाम मत आहे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष मुंबईला आणि बायकामुलं गावी, ही जुनी घडी या आकड्यांत दिसते. त्या घडीत बाप दूर असायचा, पण मुलाचं रोजचं माणूस बदलत नसे. आता कितीतरी घरांत नवराबायको दोघंही विरार, डोंबिवली नाहीतर पनवेलला असतात, दोघांची नोकरी असते, खोली एवढीशी असते, आणि सहा-सात महिन्यांचं मूल गावी आजीकडे येतं. तीन-चार वर्षांचं झालं की जूनमध्ये शाळेसाठी त्याला परत नेतात. गावातच राहिलेल्या बायांची अडचण वेगळी. काजू फोडणारी, कोळंबी सोलणारी, हंगामात आंब्याच्या पेट्या भरणारी बाई मुलाला आज शेजारणीकडे, उद्या नणंदेकडे, परवा आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर ठेवते. बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाच्या मुलाला तर शेजारीण किंवा नणंदसुद्धा नसते.

आता सिद्धांताकडे. १९०५ मध्ये फ्रॉईडने मांडलं की बाळाचं पहिलं प्रेम दुधाच्या पाठोपाठ येतं: भूक भागवते ती प्रिय. आपल्याकडेही हा समज पक्का आहे, म्हणून तर ‘पोटभर जेवतंय ना, मग झालं’ असं आपण म्हणतो. पण १९२६ पर्यंत फ्रॉईडनेच भर हलवला. लहान मुलाच्या भीतीच्या मुळाशी प्रिय माणूस नाहीसं होण्याचा धोका असतो, असं तो सांगू लागला. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने दोन संस्थांतल्या बाळांची तुलना छापली. एक होती स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेली शिशुशाळा. तिथे आया स्वतः आपली मुलं सांभाळत. दुसरं अनाथालय, तिथे स्वच्छता चोख, आहार चांगला, पण एका परिचारिकेच्या वाट्याला सातआठ बाळं. तुरुंगातली बाळं वाढली. अनाथालयातली खंगली, बोलायला-चालायला मागे पडली, आणि दोन वर्षांत त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त दगावली. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. त्या काळात तिथे गोवराची साथही येऊन गेली होती. तरी मूळ प्रश्न पुसला गेला नाही. १९५८ मध्ये हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या, दुधाची बाटली लावलेली तारेची आणि दूध नसलेली कापडाची. पिल्लं तारेच्या आईकडे दूध पिण्यापुरती जात आणि बाकीचा वेळ कापडाला बिलगून काढत.

त्याच वर्षी लंडनच्या जॉन बोल्बीने स्पष्ट मांडलं की जवळिकीची ओढ भुकेतून फुटलेली नाही, ती स्वतंत्र गरज आहे. बोल्बी स्वतः मनोविश्लेषक. त्याचं प्रशिक्षण लहान मुलांचं मनोविश्लेषण करणाऱ्या मेलनी क्लाइनच्या देखरेखीखाली झालं आणि नंतर त्याच वर्तुळाने त्याला जवळजवळ वाळीत टाकलं. क्लाइनचं म्हणणं, खरं नाट्य बाळाच्या मनातल्या कल्पनांत घडतं. बोल्बीचं म्हणणं, प्रत्यक्षात काय घडलं ते आधी बघा: कोण होतं, कोण गेलं, किती दिवस गेलं. सार्वजनिक धोरणासाठी मला बोल्बीचीच बाजू उपयोगाची वाटते. घरातलं मूल समजून घ्यायला मात्र क्लाइनशिवाय भागत नाही; ते पुढे येईलच.

वयाचा हिशेब नीट मांडून बघू. शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा मागोवा घेऊन १९६४ मध्ये दाखवलं की ठरावीक माणसाचा ध्यास साधारण सातव्या-आठव्या महिन्यात लागतो. स्पिट्झही याच सुमाराची, परक्याला पाहून रडण्याची अवस्था सांगतो. त्याआधी बाळ माणसं ओळखत नाही असं नव्हे. आईचा आवाज तर जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच वेगळा कळतो. पण ‘हीच हवी’ हा हट्ट नंतरचा. माहेरचं बाळंतपण आटोपून तिसऱ्या महिन्यात सासरी जाणाऱ्या बाळाला माहेरची आजी सुटली म्हणून फार सोसावं लागत नाही, ते यामुळे.

पुढचं वेळापत्रक मार्गारेट माहलर या मनोविश्लेषक बाईने दिलं. दहाव्या ते पंधरा-सोळाव्या महिन्यात मूल चालायला लागतं, जगावर खूश असतं, आईपासून लांब पळतं आणि मधूनच मांडीला हात लावून परत जातं. मग पंधराव्या-सोळाव्यापासून साधारण चोविसाव्या महिन्यापर्यंत वारं फिरतं. आपण वेगळे आहोत, लहान आहोत, आई हवी तेव्हा असेलच असं नाही, हे त्याला उमजतं. पदर सोडत नाही, उचललं की ढकलतं, खाली ठेवलं की किंचाळतं. ‘हट्टी झालाय, धाक लावा’ असा सल्ला कोकणातल्या घराघरांत नेमका या वयात मिळतो. समोर नसलेलं माणूस मनात धरून ठेवण्याची ताकद तिसऱ्या वर्षात हळूहळू येते. माहलरच्या सिद्धांतातला पहिला टप्पा, नवजात बाळ स्वतःत बंद असतं हा, पुढच्या संशोधनाने खोटा ठरवला. पंधरा ते चोवीस महिन्यांचं तिचं निरीक्षण मात्र अजूनही उभं आहे.

हे वेळापत्रक आणि चाकरमान्यांच्या घरातलं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं की एक गोष्ट लख्ख दिसते. कायद्याने पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची, त्यातले आठपर्यंत आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. ते आजीकडे येतं, आजी त्याला न्हाऊ घालते, भरवते, कुशीत घेऊन झोपते, आणि ध्यास लागायच्या वयात ध्यास लागतो तो आजीचा. पहिल्या ताटातुटीत आई रडते, मूल त्या मानाने लवकर स्थिरावतं. दुसऱ्या वेळी, तीन-साडेतीन वर्षांचं मूल मुंबईला जातं तेव्हा, आईला आनंद होतो, शेजारीपाजारी ‘गेला एकदाचा आवशीकडे’ म्हणतात, आणि मुलाच्या लेखी मात्र त्याची आई गावातच मागे राहिलेली असते. घरं पहिल्या बदलाला घाबरतात आणि दुसरा बदल साजरा करतात. हे नेमकं उलटं आहे. जपायला हवं ते दुसऱ्याला.

तुटल्यावर मुलाचं काय होतं, ते जेम्स रॉबर्टसनने टिपलं. तो आधी फ्रॉईडची मुलगी ॲना फ्रॉईड हिच्या संस्थेत शेगडी-झाडलोटीची कामं करायचा, तिथेच निरीक्षण शिकला, पुढे बोल्बीबरोबर काम करू लागला. त्याने तीन पायऱ्या सांगितल्या. आधी निषेध: रडणं, दाराकडे धावणं, नव्या माणसाला मारणं. मग हताशपणा: मूल गप्प होतं, अंगठा चोखतं, खाणं कमी करतं. तिसरी पायरी अलिप्ततेची. मूल पुन्हा हसतं, खेळतं, कुणाकडेही जातं, आणि आई परत आली तर तिच्याकडे बघत नाही. १९५२ मध्ये त्याने इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा सभागृहात संताप उसळला. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, ब्रिटनमधल्या सरकारी समितीने आईबापांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्या असा अहवाल दिला. आपल्या सरकारी दवाखान्यात आई खाटेखाली चटई टाकून राहते, ही गोष्ट ब्रिटनला अहवालाने शिकावी लागली. भेटीच्या वेळा लावणाऱ्या नव्या खाजगी इस्पितळांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला आपण नेमकं काय म्हणतो? ‘शहाणा झाला.’ ‘आता रडत नाही.’ गणपतीत आई गावी येते, मूल आजीच्या लुगड्याआड लपतं, आणि अख्खं घर हसतं: ‘आवशीक वळखत नाय बघ!’ आईच्या काळजाचं पाणी होतं, मुलाला चिडवलं जातं. ते मूल आईला ओळखतं. ओळखतं म्हणूनच लपतं. तिथे आईने ओढून घेऊ नये. आजीच्या शेजारी बसावं, मुलाच्या हाताला येईल असं काहीतरी करत राहावं, भाजी निवडावी, फुलं ओवावी, आणि त्याला आपल्या गतीने येऊ द्यावं. कधी अर्धा दिवस लागतो, कधी तीन दिवस. चौथ्या दिवशी विसर्जन आटोपून परतीची गाडी असेल तर मूल जवळ आलं तसं पुन्हा तुटतं. म्हणून सुट्टी तीनच दिवसांची असेल तर निदान त्या तीन दिवसांत मुलाला भरवणं-झोपवणं आजीकडून काढून घेऊ नये.

आणि मग येतो राग. परत जवळ आलेलं मूल आईला चावतं, केस ओढतं, मुद्दाम तिच्याच अंगावर दूध सांडतं. इथे क्लाइन उपयोगी पडते. तिच्या मते पहिल्या महिन्यांत बाळाच्या मनात आई दोन असतात, देणारी चांगली आणि न देणारी वाईट. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून त्याला हळूहळू कळू लागतं की या दोघी एकच आहेत, आपण जिचा राग केला तीच आपली प्रिय. राग करूनही ती टिकली, रुसली नाही, मोडली नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर अपराधाची भावना आणि भरपाई करण्याची इच्छा मनात रुजते. क्लाइन इतक्या लहान बाळाच्या डोक्यात जे जे पाहते ते सगळं मला पटत नाही, आणि ते सिद्ध करायची सोयही नाही. पण दोन वर्षांचं मूल परतलेल्या आईला मारतं तेव्हा तिने काय करावं याचं उत्तर तिच्या विचारातून मिळतं: हात धरावा, लागू देऊ नये, ‘मी गेले म्हणून राग आलाय’ असं म्हणावं, आणि खोलीतून उठून जाऊ नये. ‘असं केलंस तर परत जाईन’ ही धमकी सर्वांत वाईट. बोल्बीने १९७३ मध्ये सोडून जाण्याच्या धमक्यांबद्दल सविस्तर लिहिलं. त्याच्या मते त्या प्रत्यक्ष जाण्याइतक्याच जिव्हारी लागू शकतात.

डोनल्ड विनिकॉट हा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्याने काळाचं एक साधं गणित मांडलं. आई काही काळ नसली तर बाळ तिची प्रतिमा मनात टिकवतं. आणखी काही काळ गेला की ती विरते, बाळ व्याकूळ होतं, पण आई आली की सावरतं. त्याहूनही जास्त काळ गेला तर आई परतल्यानेही तुटलेलं पहिल्यासारखं जुळत नाही. मिनिटं त्याने सांगितली नाहीत, कारण ती प्रत्येक वयाला आणि प्रत्येक मुलाला वेगळी. मूल जितकं लहान तितकी ती कमी, एवढं पक्कं. विनिकॉटचं दुसरं निरीक्षण चिंधीबद्दलचं, १९५१ चं. मूल एखादी चिंधी, दुपट्याची कड, आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचं टोक धरून झोपतं. ते टोक मुलासाठी आई आणि जग यांच्या मधल्या जागेत असतं. मुंबईला जाताना ती गोधडी बरोबर जायलाच हवी, आणि मुख्य म्हणजे धुवायची नाही. आई ती पहिल्याच दिवशी मशीनला लावते, वास जातो, आणि त्या रात्री मूल झोपत नाही. कोकणातल्या पावसाळी बुरशीमुळे धुणं अगदीच भाग असेल तर गोधडीचं एक टोक कापून न धुतलेलं ठेवावं.

विनिकॉटने आणखी एक इशारा दिला, जो ‘गुणी बाळ’ म्हणून कौतुक होणाऱ्या मुलांना लागू पडतो. सांभाळणारी माणसं सतत बदलत असली आणि प्रत्येकीची मर्जी वेगळी असली, तर मूल आपलं मागणं दाबून समोरच्याला हवं तसं वागायला लवकर शिकतं. वरून ते समंजस दिसतं. आत स्वतःला काय हवंय हे त्याचं त्यालाच उमगेनासं होतं. चार घरी ठेवलं तरी कुरकुर न करणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाची मला रडणाऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

मग एकच माणूस हवं का? नको. ग्लासगोच्या अभ्यासात अठरा महिन्यांपर्यंत एकाच माणसाशी बंध असलेली मुलं फक्त १३ टक्के होती. बाकीच्यांना बाप, आजी, भावंडं असे दोन किंवा अधिक जण जवळचे होते. बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने बंधांचा पहिला बारकाईचा अभ्यास १९५४ मध्ये केला तो युगांडातल्या खेड्यांत, २६ कुटुंबांत, अनेक हातांवर मुलं वाढतात अशा ठिकाणी. तिथली जुनी चाल अशी की अंगावरचं दूध तोडायचं म्हणून मुलाला आजीकडे पाठवायचं. तोवर ती चाल बरीच मागे पडली होती. आपल्याकडे मात्र स्तनाला कोरफडीचा कडू गर लावायचा आणि त्याच आठवड्यात मुलाला मावशीकडे धाडायचं हा प्रकार आजही होतो. दूध आणि आई दोन्ही एकदम जातात, आणि मुलाला वाटतं, आपण मागितलं म्हणून आई कडू झाली आणि गेली. दूध तोडायचं तर आईच्या मांडीवरच तोडावं, एकेक वेळ कमी करत, तीन-चार आठवड्यांत. गावाला पाठवायचं असेल तर त्याआधी किंवा नंतर दोन महिने जाऊ द्यावेत.

एन्सवर्थने पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये केलेली चाचणी बहुतेकांनी ऐकलेली असते: बारा ते अठरा महिन्यांचं मूल, अनोळखी खोली, तीन-तीन मिनिटांचे प्रसंग, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. बघायचं असतं ते आई परतल्यावर मूल काय करतं हे. जवळ येऊन शांत होतं, तोंड फिरवतं, की चिकटतं आणि तरी शांत होत नाही. १९८८ मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन गटांतला फरक जास्त निघाला. आपली संस्कृती वेगळी, एकत्र कुटुंब आहे, आपल्याला हे लागू नाही, असं म्हणून सुटता येत नाही. एकत्र कुटुंब हे बळ आहे, पण त्यातली माणसं रोज तीच असतील तरच.

या परंपरेने अन्यायही केला आणि तो लपवणं बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) खापर थंड स्वभावाच्या आईवर फोडलं गेलं, स्किझोफ्रेनियाचंही. दोन्ही साफ चूक. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली बाब आहे, आईच्या मायेशी तिचा संबंध नाही. सावंतवाडीच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या आईला आजही कुणी ‘तू नोकरी केलीस म्हणून पोर बोलत नाही’ म्हणत असेल तर तिने ते ऐकून घेऊ नये. मुलाची तपासणी करून घ्यावी. तसंच, पहिली तीन वर्षं म्हणजे नशीब नव्हे. रुमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर झालेल्या प्रयोगात कुटुंबात ठेवलेली मुलं सावरली, दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त. उशिरा गेलेल्यांनाही फायदा झाला. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून अधिक मुलांचा पाठपुरावा झाला. त्यात नुसत्या पाळणाघराने आईशी असलेला बंध कच्चा होत नाही असं दिसलं. आईला बाळाच्या खुणा फारशा कळत नाहीत आणि वर पाळणाघर सुमार आहे, किंवा तास जास्त आहेत, किंवा ठिकाणं सारखी बदलताहेत, असं दुहेरी झालं तेव्हा धोका वाढला. ‘ठिकाणं सारखी बदलताहेत’ हे शब्द आंब्याच्या हंगामातल्या बाईने आणि तिच्या मालकानेही नीट ऐकावेत.

आता करायचं काय. आधी घरात. आजीकडून मुंबईला न्यायचं असेल तर १५ जूनला शाळा आणि १० जूनला प्रवास हे थांबवावं. मे महिन्यात आईबापांपैकी एकाने निदान तीन आठवडे गावी राहावं. पहिला आठवडा फक्त सोबत खेळायचं, आजीची कामं आजीकडेच. दुसऱ्या आठवड्यात आंघोळ आणि एक जेवण आईकडे, आजी नजरेसमोर. तिसऱ्यात रात्रीची झोप, आणि आजीने दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास बाहेर जायचं, प्रत्येक वेळी सांगून. नजर चुकवून पळणं ही आपली सर्वांत मोठी खोड. त्या वेळेपुरतं रडणं टळतं, पण पुढे मूल कुणालाच नजरेआड होऊ देत नाही, कारण माणसं न सांगता नाहीशी होतात हे ते शिकलेलं असतं. सांगून गेलं तर रडतं, रडू द्यावं. फ्रॉईडच्या दीड वर्षाच्या नातवाने दोरा बांधलेलं रीळ फेकण्याचा आणि परत ओढण्याचा खेळ काढला होता. आपला ‘बुवा… कुक’ त्याच जातीचा. जाणं आणि परत येणं मूल खेळातून पचवतं, पण आधी ते जाणं त्याला दिसलेलं असावं लागतं. शक्य असेल तर आजीने पहिले पंधरा दिवस मुंबईच्या खोलीत राहावं, कितीही दाटी झाली तरी. शाळा एक महिना उशिरा सुरू झाली तर काही बिघडत नाही. आणि आजीचा फोन रोज ठरलेल्या वेळी यावा. मूल फोनवर आजीशी बोलायला नकार देईल, पळून जाईल. म्हणून फोन बंद करू नये.

रॉबर्टसन दांपत्याने १९६० च्या दशकाच्या शेवटी हेच प्रत्यक्ष करून दाखवलं. आई बाळंतपणासाठी इस्पितळात असताना त्यांनी लहान मुलांना आपल्या घरी सांभाळलं. मुलाची गादी, खेळणी, आईचा फोटो, रोजचं वेळापत्रक सगळं सोबत घेतलं, आईबद्दल बोलत राहिले. मुलं अस्वस्थ झाली पण तगली. त्याच काळात १७ महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस चांगल्या, प्रेमळ पण सतत बदलणाऱ्या दायांच्या शिशुगृहात होता. तो कोसळला. दाया वाईट नव्हत्या. पाळी बदलली की दाई बदलत होती, एवढंच.

हाच मुद्दा सरकारी पाळणाघरांना लागू होतो. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, एक सेविका आणि एक मदतनीस असं माप आहे. त्यातली दहा मुलं दोन वर्षांखालची धरा. प्रत्येकाला दिवसातून चारदा भरवायचं, पाचदा कपडे बदलायचे. एका खेपेला दहा मिनिटं लागली तर एका मुलाची ९० मिनिटं, दहा मुलांचे १५ तास. दोघी आठ तास राबल्या तर मिळून १६ तास. उरलेल्या पंधरा मुलांसाठी आणि मांडीवर घेऊन गप्प बसण्यासाठी एक तास. त्या दोघींनी कितीही जीव लावला तरी हे गणित त्यांना हरवतं, आणि मग भरवणं-पुसणं घाईत उरकलं जातं. खरं तर बंध जुळतो तो याच कामांत, गाणी-खेळण्यांच्या तासात नव्हे.

लंडनमध्ये बाँबहल्ल्यांच्या काळात ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगम यांनी शिशुगृहं चालवली, तेव्हा त्यांच्याकडेही आधी सगळी मुलं सगळ्या बायकांची अशीच पद्धत होती. मग त्यांनी चार-चार मुलांचे घरासारखे गट केले, प्रत्येक गटाला एक ठरलेली बाई. पहिले दिवस रडारड, मत्सर, ‘माझी बाई’ म्हणून भांडणं. देखरेख करणाऱ्याला वाटावं, आधीचं बरं होतं. पण मुलांचं बोलणं आणि स्वच्छतेच्या सवयी भराभर पुढे गेल्या. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवं अंगणवाडी-पाळणाघर सुरू होईल तिथे प्रत्येक तीन वर्षांखालच्या मुलाची एक ठरलेली बाई असावी, एकीकडे चारपेक्षा जास्त तान्ही नसावीत, आणि ती बाई सुट्टीवर गेली तर पर्यायी बाईसुद्धा ठरलेली असावी. नव्या मुलाच्या आईला पहिले पाच-सहा दिवस सोबत बसू द्यावं. काजू कारखान्याने किंवा कोळंबीच्या शेडने त्या दिवसांची अर्धी मजुरी द्यावी, हे मी गंभीरपणे सुचवतोय. रडणाऱ्या मुलामुळे महिनाभर गैरहजर राहणाऱ्या कामगारापेक्षा ते स्वस्त पडतं. वेळाही किनाऱ्याच्या हव्यात. होडी कधी लागेल ते समुद्र ठरवतो. सकाळी उघडून दुपारी बंद होणारं केंद्र हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या बाईच्या काय कामाचं?

५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा दिली. कोकणातले बरेच काजू कारखाने त्या आकड्याच्या खाली राहतात. चार-पाच छोट्या कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतीने मिळून एक पाळणाघर चालवावं, त्याला आडकाठी कुठलीच नाही. त्या चार भेटी मात्र कापू नयेत. विनिकॉटचं काळाचं गणित त्या भेटींत सांभाळलं जातं.

आणि एक काम तर नव्या इमारतीशिवाय, जवळजवळ नव्या पैशांशिवाय होईल. आशा सेविका बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी जाते. वजन, लसीकरण, पूरक आहार, हात धुणं बघते. त्या तक्त्यात तीन प्रश्न घालावेत: रात्री मूल कुणाच्या कुशीत झोपतं, दिवसा जास्त वेळा कोण भरवतं, येत्या तीन महिन्यांत यातलं कुणी बदलणार आहे का. तिसऱ्याचं उत्तर होकारार्थी असेल तर वर सांगितलेला तीन आठवड्यांचा क्रम समजावून सांगावा आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन मूल बोलतंय का, खातंय का, दाराकडे बघत बसतंय का ते बघावं. या भेटी पंधराव्या महिन्याला थांबतात. मुलाचा सर्वांत अवघड काळ तिथून सुरू होतो. अठराव्या आणि चोविसाव्या महिन्याच्या दोन भेटी वाढवाव्यात, त्यांचं मानधन वेगळं द्यावं, आणि त्यातली एक मे महिन्यात पडेल अशी बघावी, म्हणजे चाकरमानी आईबाप घरात सापडतील.